श्रमपरिहार कोणाचा? : ‘इआन्फू’ या शब्दाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चीनमधल्या नानजिंग शहरावरच्या लेखात ‘आरामदायी महिला’ असा शब्द छापला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने सैनिकांसाठी चालवलेल्या कुंटणखान्यांत ज्या स्त्रियांना डांबले, त्यांच्याविषयी तो होता. त्यावर बरीच पत्रे आली. काही रागावलेली, काही गोंधळलेली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

हा शब्द मुळात चिनी की जपानी? त्याचा अक्षरशः अर्थ काय होतो? (सातारा)

आरामदायी खुर्ची असते, चप्पल असते, बाई नसते. तो शब्द इंग्रजीतल्या ‘कम्फर्ट वूमन’वरून उचललेला, आणि इंग्रजी शब्द जपानीवरून. म्हणजे नकलेची नक्कल आमच्या पानावर आली.

मूळ शब्द तीन चित्राक्षरांचा. अक्षरे तिन्ही चिनी, पण या अर्थाने ती एकत्र बांधली जपानने. लिहायला एकच, वाचायला तीन तऱ्हा : जपानीत इआन्फू, चिनीत वेइआन्फू, कोरियनमध्ये वीआन्बू. पहिल्या अक्षराचा अर्थ सांत्वन करणे, शीण हलका करणे. त्याच्या तळाशी हृदयाची खूण असते. दुसरे अक्षर स्वस्थपणाचे : छपराखाली बसलेली बाई. तिसरे म्हणजे स्त्री, गृहिणी. त्यात बाईच्या शेजारी झाडू आहे. (चीनमध्ये आता सोपी लिपी चालते, तिच्यात झाडूचा वरचा तुकडाच उरला आहे.) पहिल्या अक्षराचा वरचा भाग सैन्यातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांतही येतो. म्हणून ‘अधिकाऱ्याखाली दडपलेले हृदय’ असा अर्थ काढणारे लोक भेटतात. ऐकायला चटकदार आहे, पण खरे नाही. तो भाग तिथे फक्त उच्चार दाखवायला बसवला आहे.

खरी गोम पहिल्या दोन अक्षरांत आहे. ‘इआन’ हा जपानीत अगदी घरगुती, सोज्वळ शब्द. कचेरीतली मंडळी वर्षातून एकदा गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी मिळून सहलीला जातात, त्या सहलीच्या नावात हाच ‘इआन’ असतो. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द ‘श्रमपरिहार’. गणपतीचा मांडव उतरला की कार्यकर्त्यांसाठी जेवण ठेवतात, तो. आता त्याला ‘बाई’ जोडून पाहा. श्रम सैनिकाचे, परिहार सैनिकाचा आणि नाव मात्र बाईला. गिऱ्हाइकाच्या बाजूने ठेवलेले नाव आहे हे. ज्या बाईला ते चिकटवले तिच्यावर काय गुदरले, याचा त्यात मागमूस नाही.

अशी सोवळी नावे आपल्याला नवी नाहीत. पेशवाईतल्या कागदांत ‘नाटकशाळा’ म्हणजे इमारत नव्हे, ठेवलेली बाई. आणि ‘कुणबीण’ म्हणजे पुष्कळदा कुणब्याची बायको नव्हे, विकत घेतलेली दासी.

हा शब्द त्या काळच्या सरकारी कागदांत सापडतो, की युद्धानंतर अभ्यासकांनी दिला? (नाशिक)

कागदांत आहे, मात्र दर वेळी हाच नाही, आणि शोधणारे तिथेच चकतात. लष्कराच्या ताब्यातली अशा कुंटणखान्यांची पहिली ठाणी १९३२ मध्ये शांघायला निघाली. तिथल्या जपानी फौजेचे उप-चीफ ऑफ स्टाफ ओकामुरा यासुजी यांनी बलात्काराच्या तक्रारी वाढल्यावर नागासाकीच्या गव्हर्नरकडे बायका पाठवण्याची मागणी केली. हे त्यांनीच आठवणींत लिहून ठेवले आहे. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग पडले, शहरात कत्तल आणि बलात्कार झाले, आणि त्यानंतर ही ठाणी फौजेबरोबर सगळीकडे पसरली. ठाण्याला ‘इआन्जो’ म्हणत : श्रमपरिहाराची जागा.

कारणे तीन सांगितली जात : बलात्कार थांबतील, गुप्तरोग आटोक्यात राहतील, बाहेरच्या बायकांकडून गुपिते फुटणार नाहीत. पहिले कारण तर फसलेच. १९३८ मध्ये हेच ओकामुरा मोठ्या फौजेचे सेनापती असताना त्यांनी नोंदवले की तुकड्यांबरोबर बायकांचे तांडे आहेत, तरी बलात्कार चालूच आहेत. ते होणारच होते. ठाणी असायची मुक्कामाच्या शहरात आणि अत्याचार व्हायचे मोहिमेवरच्या खेड्यांत.

सर्वांत बोलका कागद ४ मार्च १९३८ चा. टोकियोच्या युद्धमंत्रालयाने चीनमधल्या दोन फौजांच्या चीफ ऑफ स्टाफना तो धाडला. त्याचा आशय असा : ठाण्यांसाठी बायका गोळा करणारे काही दलाल लष्कराचे नाव बिनदिक्कत वापरतात, काहींची पद्धत पळवून नेण्यासारखी आहे, त्यांना पोलीस पकडत आहेत, तेव्हा फौजांनी ही भरती स्वतःच्या नियंत्रणात घ्यावी, माणसे नीट पारखून नेमावीत आणि स्थानिक लष्करी पोलीस व पोलिसांशी संधान ठेवावे. काळजी आहे ती लष्कराच्या अब्रूची. या कागदाच्या शीर्षकात ‘इआन्फू’ नाहीच; तिथे ‘इआन्जोमधील नोकर स्त्रिया’ अशी शब्दयोजना आहे. इतर कागदांत ‘शाकुफू’ (मद्य ओतून देणारी), ‘विशेष स्त्रिया’ असे शब्द येतात. फक्त ‘इआन्फू’ शोधत बसाल तर अर्धा पुरावा हातचा जाईल.

हा कागद इतिहासकार योशिमी योशिआकी यांना जपानच्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात सापडला आणि ११ जानेवारी १९९२ च्या ‘आसाही’ वृत्तपत्रात त्याची बातमी झळकली. तोवर सरकारचे म्हणणे होते की हा सगळा खासगी दलालांचा धंदा होता.

या प्रकरणाचा भारताशी काही संबंध आहे का? (डोंबिवली)

आहे, आणि तो थेट शब्दाशीच आहे. आसामात तिनसुकिया जिल्ह्यात लेडो नावाचे गाव आहे. ब्रह्मदेशात जाणारा युद्धकाळचा प्रसिद्ध रस्ता तिथूनच निघे. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रह्मदेशातले म्यित्क्यिना पडले तेव्हा अमेरिकी फौजेच्या हाती २० कोरियन स्त्रिया आणि त्यांचे चालक असलेले एक जपानी जोडपे लागले. त्यांना लेडोच्या कैदी-तळावर आणून २० ऑगस्ट ते १० सप्टेंबर या काळात त्यांची चौकशी झाली. १ ऑक्टोबर १९४४ चा तो अहवाल, क्रमांक ४९, आजही दोन्ही बाजूंचे लोक, म्हणजे ‘ही गुलामी होती’ म्हणणारे आणि ‘हा धंदा होता’ म्हणणारे, एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

भरतीविषयी त्यात असे आहे. मे १९४२ मध्ये दलाल कोरियात आले आणि ‘इआन’ सेवेसाठी मुली हव्यात असे सांगू लागले. ही सेवा म्हणजे काय, ते कोणी फोडून सांगितले नाही. इस्पितळात जखमींना भेटायचे, पट्ट्या गुंडाळायच्या, सैनिकांचे मन रमवायचे, असा मुलींचा समज झाला. वर भरपूर पैसा, घरच्यांचे कर्ज फिटेल, सिंगापुरात नवे आयुष्य, अशी लालूच होती. काहीशे येन आगाऊ देऊन सहा महिने ते वर्षभराच्या कराराने त्यांना बांधून घेतले. अशा सुमारे ८०० जणी २० ऑगस्ट १९४२ ला रंगूनला उतरल्या. सोवळा शब्द इथे नुसते झाकायचे काम करत नव्हता. तो गळाला लावलेला गांडूळ होता.

म्यित्क्यिनाच्या ठाण्याचे वेळापत्रकही अहवालात आहे. शिपाई सकाळी १० ते संध्याकाळी ५, दीड येन, २० ते ३० मिनिटे. हवालदार-जमादार दर्जाचे ५ ते ९, तीन येन. अधिकारी रात्री ९ ते १२, पाच येन. रात्रभर राहायचे तर २० येन. गर्दी होऊन मारामाऱ्या होत, म्हणून वारही वाटून दिले : रविवारी डिव्हिजनचे मुख्यालय, सोमवारी घोडदळ, मंगळवारी इंजिनिअर, गुरुवारी वैद्यकीय तुकडी, शुक्रवारी पहाडी तोफखाना, शनिवारी वाहतूक. बुधवारी सुट्टी आणि बायकांची साप्ताहिक वैद्यकीय तपासणी. रेशन दुकानाच्या पाटीसारखी ही यादी आहे, आणि तिला अमानुष बनवतो तो नेमका तिचा हा नीटनेटकेपणा.

अहवाल वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, कमाईचे आकडे. बाईची महिन्याची एकूण कमाई सरासरी दीड हजार येनच्या आसपास असे, असे त्यात लिहिले आहे. ते पाहून ‘चांगल्या कमावत होत्या की’ असे म्हणणारे लोक आहेत. पण ५० ते ६० टक्के मालक कापून घेई, खाण्यापिण्याचे अवाच्या सवा लावी, आणि उरले ते लष्करी चलनात, ज्याची ब्रह्मदेशात तेव्हा किंमत वेगाने घसरत होती. येनचा आकडा महागाई न पाहता वाचणे म्हणजे १९४४ चा रुपया आजच्या भावाने मोजण्यासारखे. दुसरे, भाषा. बायका कोरियन, चौकशी करणारे जपानी वंशाचे अमेरिकी सैनिक, अहवाल इंग्रजी. अहवालाच्या सुरुवातीलाच या स्त्रियांना ‘फौजेमागून फिरणाऱ्या धंदेवाल्या’ ठरवले आहे. आणि त्याच अहवालात पुढे फसवणुकीचे वर्णन आहे. व्याख्या लिहिणाऱ्याची, हकीकत सांगणाऱ्यांची. दोन्ही एका मापाने तोलू नयेत.

याशिवाय अंदमान. १९४२ ते १९४५ तिथे जपानी अंमल होता, आणि जपानी फौज जिथे रुळली तिथे ही ठाणीही पोचली. अंदमान त्याला अपवाद नव्हते.

काही ठिकाणी ‘जुगुन इआन्फू’ असे का लिहितात? (कोल्हापूर)

‘जुगुन’ म्हणजे फौजेबरोबर जाणारा. युद्धवार्ताहर आणि लष्करी परिचारिका यांच्या जपानी नावांतही हाच उपसर्ग आहे. १९७० च्या दशकात जपानी पत्रकारितेतून हे जोडनाव रूढ झाले. त्याला दोन्हीकडून मार बसतो. पीडितांच्या बाजूचे म्हणतात, बातमीदार स्वखुशीने फौजेमागे जातो, या स्त्रियांना नेले होते. मग एकच उपसर्ग कसा? उलट जपान सरकारने एप्रिल २०२१ मध्ये मंत्रिमंडळात ठरवले की या जोडनावाने गैरसमज होतो, नुसते ‘इआन्फू’ म्हणावे. त्यानंतर शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांनी मजकूर बदलले. गंमत म्हणजे ४ ऑगस्ट १९९३ ला मुख्य कॅबिनेट सचिव कोनो योहेई यांनी सरकारतर्फे जी दिलगिरी व्यक्त केली, तिच्यात हेच जोडनाव आहे, फक्त आधी ‘तथाकथित’ लावून.

इंडोनेशियात मात्र ‘जुगुन इआन्फू’ हा शब्द जसाच्या तसा स्थानिक भाषेत मुरला आहे. वर्तमानपत्रात भाषांतराशिवाय येतो.

बळी पडलेल्यांची संख्या कुठे २० हजार, कुठे ४ लाख. इतका फरक कसा? (बडोदे)

कारण कोणी मोजलेलेच नाही. पराभवाच्या वेळी कागद मोठ्या प्रमाणावर जाळले गेले. त्यामुळे सगळे आकडे एका त्रैराशिकातून येतात : परदेशातले एकूण सैनिक भागिले एका बाईमागचे सैनिक, गुणिले बदली. बदली म्हणजे आजारी पडून, मरून किंवा सुटून गेलेल्यांच्या जागी किती वेळा नव्या आणल्या.

योशिमींनी सैनिक ३० लाख धरले. १०० सैनिकांमागे एक बाई आणि बदली दीडपट धरली तर : ३० लाख भागिले १०० म्हणजे ३० हजार, त्याची दीडपट ४५ हजार. ही खालची मर्यादा. ३० सैनिकांमागे एक आणि बदली दुप्पट धरली तर : एक लाख, त्याची दुप्पट दोन लाख. ही वरची. शांघायचे अभ्यासक सू झिल्यांग यांनी २९ ला एक हे प्रमाण घेतले आणि बदली साडेतीन ते चारपट धरली, कारण चीनमध्ये खेड्यांतून ओढून आणलेल्या बायका फार लवकर मरत; त्यांचे उत्तर ३ लाख ६० हजार ते ४ लाख १० हजारांच्या घरात येते. जपानी इतिहासकार हाता इकुहिको यांनी १९९३ मध्ये ९० हजार म्हटले आणि १९९९ मध्ये गृहीतके बदलून सुमारे २० हजारांवर आले. एकच माणूस, सहा वर्षांत साडेचारपट फरक.

म्हणून आकडा लिहिताना कोणाचा ते लिहावे आणि जमल्यास प्रमाण व बदली दोन्ही द्यावीत. नुसते ‘दोन लाख स्त्रिया’ असे ठोकून दिले की विरोधकाला एका वाक्यात तुम्हाला खोटे पाडता येते, आणि मग चर्चा आकड्याचीच होते, बाईची राहत नाही.

कोरियन लेखांत ‘चोंगशिनदे’ असाही शब्द भेटतो. तो याच अर्थाचा का? (पणजी)

नाही, पण कोरियात वर्षानुवर्षे तसा वापरला गेला. तो जपानी ‘तेइशिनताइ’चा कोरियन उच्चार, अर्थ ‘स्वतःहून झोकून देणारे पथक’. ही मुलींना कारखान्यांत राबवण्याची योजना होती. ऑगस्ट १९४४ मध्ये तिचा हुकूम निघाला. या नावाखाली नेलेल्या काही मुली ठाण्यांवर पोचल्याच्या साक्षी आहेत, पण बहुतेक जणी विमानाच्या सुट्या भागांच्या आणि कापडाच्या कारखान्यांत गेल्या. दोन्ही शब्द एक धरल्याने त्या कामगार मुलींचे फार नुकसान झाले. परत आल्यावर गावात लोक काय समजतील या भीतीने अनेकींनी कारखान्यात होतो हेही लपवले.

जुने कोरियन साहित्य भाषांतरित करत असाल तर हा शब्द आला की थांबा आणि संदर्भ पाहा : रात्रपाळी, यंत्र, वसतिगृह असे काही दिसते का? दिसले तर ती कारखान्यातली मुलगी आहे.

स्वतः त्या स्त्रियांना कोणता शब्द मान्य आहे? ‘लैंगिक गुलाम’ म्हणावे का? (नागपूर)

एकमत नाही, आणि असायचे कारणही नाही. १४ ऑगस्ट १९९१ ला सोलमध्ये किम हाक-सून यांनी नाव आणि चेहरा न लपवता पहिल्यांदा जाहीरपणे सांगितले. त्यांच्यानंतर इतर जणी पुढे येत गेल्या. यान रफ-ओहर्न या जावा बेटावरच्या डच तरुणीला १९४४ मध्ये नागरी कैद्यांच्या छावणीतून उचलून सेमारांगच्या ठाण्यात नेले होते. १९९२ पासून त्या बोलू लागल्या, आणि ‘कम्फर्ट वूमन’ हा शब्दच अपमान आहे, आमच्यावर बलात्कार झाले असे म्हणा, यावर अखेरपर्यंत ठाम राहिल्या. (सेमारांगचे प्रकरण युद्धानंतर खटला चाललेल्या मोजक्यांपैकी, १९४८ मध्ये बटाव्हियाच्या (आजचे जकार्ता) डच लष्करी न्यायालयाने एका अधिकाऱ्याला मृत्युदंड दिला.) चीनच्या शान्शी प्रांतातल्या वान आयह्वा यांनीही ‘वेइआन्फू’ म्हणवून घ्यायला साफ नकार दिला. त्यांचे म्हणणे तर्कालाही धरून होते. त्यांच्या भागात पाटी, दर, वेळापत्रक असलेले ठाणे नव्हतेच. सैनिक गावातून बाया पकडून तळाजवळ कोंडत. तिथे परिहार नव्हता, नुसता अत्याचार होता.

‘लैंगिक गुलामी’ हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या कागदांतून रुळला. श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांच्या १९९६ च्या अहवालात ‘लष्करी लैंगिक गुलामी’ हीच संज्ञा आहे. कायद्याच्या दृष्टीने ती बरोबर : हलण्याची मुभा नाही, नकाराची मुभा नाही, दुसऱ्याच्या मालकीसारखी अवस्था. पण २०२० मध्ये याच अत्याचारातून गेलेल्या कोरियाच्या ली योंग-सू यांनी पत्रकार परिषदेत या शब्दावरही जाहीर चीड व्यक्त केली; मला गुलाम का म्हणता, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे एकीला सोवळा शब्द नको, दुसरीला नागडा नको.

आमची पद्धत अशी की व्यवस्थेला ‘लैंगिक गुलामी’ म्हणावे, पण समोरच्या व्यक्तीला ‘लैंगिक गुलाम’ म्हणू नये. तिला नावाने हाक मारावी. कोरियात त्यांना ‘हाल्मोनी’, फिलिपाइन्समध्ये ‘लोला’, तैवानमध्ये ‘आमा’ म्हणतात. तिन्हींचा अर्थ आजी.

ब्रिटिश छावण्यांतले ‘लाल बाजार’ आणि हे यांत फरक काय? आपल्याकडेही तेच होते की. (पुणे, कॅम्प)

साम्य खरेच आहे आणि ते नाकारू नये. १८६४ च्या छावणी कायद्यापासून इंग्रजी पलटणींसाठीच्या ‘लाल बाजारा’तल्या बायकांची नोंद होई, तपासणी होई, आजारी निघाली तर बंदिस्त इस्पितळात टाकत. तपासणी बाईची, गोऱ्या सोजिराची नाही. १८८६ च्या कुप्रसिद्ध लष्करी परिपत्रकात तर बायका पुरेशा संख्येने आणि दिसायला बऱ्या असाव्यात, अशी सूचना होती. ते बाहेर फुटल्यावर इंग्लंडात गदारोळ झाला.

फरक आहे तो वाहतुकीचा आणि सुटकेचा. जपानी लष्कराने बायका समुद्रापार हजारो मैल नेल्या, लष्करी जहाजांतून, लष्करी परवान्यांवर, थेट आघाडीपर्यंत. ब्रह्मदेशाच्या जंगलात भाषा कळत नसलेल्या कोरियन मुलीने पळून कुठे जावे? दारावर पहारा नसतानाही ती कैदेतच होती.

पूर्वी मुंबईत जपानी बायका होत्या म्हणतात. त्या ह्याच का? (गिरगाव)

नाही. त्या ‘कारायुकि-सान’, म्हणजे ‘परमुलखी गेलेली’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १९२० पर्यंत दक्षिण जपानातल्या क्युशूकडच्या आमाकुसा, शिमाबारा अशा दरिद्री भागांतून मुली सिंगापूर, रंगून आणि मुंबईच्या कामाठीपुऱ्यापर्यंत पोचवल्या जात. तो खासगी दलालांचा व्यापार होता, लष्कराचा नव्हे. पण आगाऊ रक्कम आणि कर्जाची बेडी ही युक्ती तिथेच घोटली गेली होती. लष्कराला ती तयार मिळाली.

युद्ध संपल्यावर हा शब्दही संपला का? (ठाणे)

उलट. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीनंतर काही दिवसांतच जपानच्या गृहखात्याच्या सांगण्यावरून येणाऱ्या अमेरिकी सैनिकांसाठी कुंटणखाने उघडण्यात आले. ते चालवणाऱ्या संस्थेच्या नावात हाच ‘इआन’ होता : विशेष श्रमपरिहार सुविधा संघ. भरतीच्या जाहिरातीत काम काय, ते इथेही सांगितले नव्हते. गुप्तरोग पसरल्यावर मार्च १९४६ मध्ये अमेरिकी सैनिकांना तिथे बंदी झाली आणि संघ बसला. बायका रस्त्यावर आल्या.

दक्षिण कोरियात अमेरिकी तळांभोवतीच्या वस्त्यांतल्या स्त्रियांनाही सरकारी कागदांत ‘वीआन्बू’च म्हणत. त्यांना या धंद्यात ढकलण्यात आणि टिकवण्यात सरकारचा हात होता, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये मान्य केले. म्हणून १९५० नंतरच्या कोरियन कागदात हा शब्द दिसला की जपानी काळातला धरू नये. तैवानच्या फौजेने किनमन बेटावर असेच कुंटणखाने काढले तेव्हा तिथे जुना शब्द टाळला. नाव ठेवले ‘सैन्यातले नंदनवन’.

जपानने माफी मागितली, पैसेही दिले. मग वाद का मिटत नाही? (इंदूर)

थोडक्यात, पैशाला काय म्हणायचे यावरून. १९९५ मध्ये काढलेल्या आशियाई महिला निधीने माणशी २० लाख येन दिले, आणि फिलिपाइन्स, कोरिया, तैवान मिळून २८५ जणींनी ते घेतले. या रकमेला जपानीत ‘त्सुगुनाइ’ म्हटले : प्रायश्चित्त. ‘नुकसानभरपाई’ असा कायद्यातला शब्द टाळला, कारण तो वापरला तर सरकारचे दायित्व मान्य होते. रक्कमही लोकवर्गणीची होती. कोरियन टीकाकारांनी तिला ‘वीरोगुम’ म्हटले, म्हणजे सांत्वनाचे पैसे, आणि त्यातले पहिले अक्षर ‘इआन्फू’मधलेच! पुष्कळ जणींनी पैसे नाकारले ते यासाठी. चीनच्या मुख्य भूमीवरच्या स्त्रिया तर या योजनेत नव्हत्याच. २०१५ च्या जपान-कोरिया कराराचे १०० कोटी येनही याच खडकावर आपटले.

शाळेच्या प्रकल्पासाठी मराठीत लिहायचे आहे. नेमके काय लिहू? (रत्नागिरी)

पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे पुरते लिहा : ‘जपानी लष्कराने लैंगिक गुलामीत ठेवलेल्या स्त्रिया, ज्यांना तेव्हा इआन्फू म्हणत’. पुढे अवतरणचिन्हांत ‘इआन्फू’ चालेल. मात्र दर ओळीला चिन्हे दिली तर पान काट्यांचे होते. तेव्हा ‘या स्त्रिया’ म्हणून मोकळे व्हा. ‘आरामदायी’, ‘सोयीच्या’, ‘सुखदायिनी’ हे भाषांतर-यंत्राचे प्रताप टाळा. ‘वेश्या’ लिहू नका; जपानमधून नेलेल्यांत आधी परवान्यावर धंदा करणाऱ्या काही होत्या, पण त्याही कर्जाने बांधलेल्या होत्या आणि तिथून उठून जाऊ शकत नव्हत्या. जुना कागद उद्धृत करताना त्यातला शब्द बदलू नका, तो त्या कागदाचा पुरावा आहे. साक्ष देणारी स्वतःला काय म्हणते ते तसेच ठेवा.

चित्र लावायचे तर सोलच्या जपानी वकिलातीसमोरच्या मुलीच्या पुतळ्याचे लावा. ८ जानेवारी १९९२ पासून तिथे दर बुधवारी निदर्शने होतात. हजाराव्या वेळी, १४ डिसेंबर २०११ ला, तो बसवला. त्यातल्या मुलीच्या टाचा पाहा : जमिनीला टेकलेल्या नाहीत. शेजारची खुर्ची रिकामी आहे, आणि जमिनीवर पडलेली सावली मुलीची नसून म्हातारीची आहे.

‘इआन्फु’ की ‘इआन्फू’? (पुणे, मुद्रितशोधक)

जपानीत शेवटचा उकार ऱ्हस्व आहे. पण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम, म्हणून ‘फू’. मधला ‘न्’ पाय मोडूनच लिहावा, ‘इयान’ करू नये. इ आणि आ यांच्यामध्ये ‘य’ नाही. बहुवचन वेगळे करू नका : एक इआन्फू, अनेक इआन्फू.